न बोलणाऱ्याचं दुखणं

दशलक्षण पर्वाच्या आधी आठ दिवस आमच्या नातवाचं ऑपरेशन झालं. तसं मोठं काही नव्हतं. उजव्या जांघेत गाठ यायची, रडला की फुगायची, निजला की आत जायची. आमच्या आज्जी याला अंतर्गळ म्हणत, डॉक्टर हर्निया म्हणाले. पोर सव्वादोन वर्षांचं. "आपोआप जाणार नाही, आतडं अडकलं तर रात्री-बेरात्री धावपळ होईल, वेळेत करून घ्या," असं सांगितल्यावर घरात फार चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती आदल्या दिवशी, आणि ती ऑपरेशनवरून नाही, भुलीवरून.

भुलीच्या डॉक्टर बाई संध्याकाळी तपासायला आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. पोराची छाती तपासली, वजन केलं, सर्दी-खोकला विचारला. मग म्हणाल्या, "उद्या आधी तोंडावर मास्क धरून झोपवू. झोप लागली की कुशीवर वळवून, माकडहाडाच्या जरा वर एक इंजेक्शन देऊ. त्यानं कमरेखालचा भाग चार-सहा तास बधिर राहील."

मुलगा गप्प. सून माझ्याकडं बघायला लागली. आणि मी बोलून गेले, "अहो, तुम्ही झोपवणारच आहात ना? मग झोपलेल्या पोराच्या पाठीत आणखी सुई कशाला? त्याला कुठं काय कळणार आहे?"

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी त्यावर लेख लिहिला नसता. त्याला कुठं काय कळणार आहे! आपल्या बायकांच्या तोंडी हे वाक्य किती सहज बसलंय बघा. बारशाच्या आधी सोनार येतो, तान्ह्या पोरीचा कान टोचतो, ती टाहो फोडते आणि आपण जमलेल्या सगळ्याजणी हसतो. आपल्याकडं मध वर्ज्य, म्हणून बोटानं गूळ चाटवतो आणि म्हणतो, आत्ता विसरेल. पोर पडलं, गुडघा फुटला की आपण जमिनीवर हात आपटून म्हणतो, "मुंगी मेली, बघ मुंगी मेली!" जैनाच्या घरात हे म्हटलं जातं, याचं मला आत्ता आत्ता नवल वाटायला लागलंय. पोर बिचारं आपलं रडू गिळून मुंगी शोधत बसतं. न मेलेल्या मुंगीची त्याला दया येते. त्याच्या खऱ्या गुडघ्याला मात्र आपण "काही नाही झालं" म्हणून मोकळ्या होतो.

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. हा प्रश्न त्यांना रोजचा असावा. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आज्जी, झोपेत त्याला कळत नाही हे खरं. पण त्याच्या शरीराला कळतं. सुरी लागली की नाडी धावते, रक्तदाब चढतो. मग मला झोपेचा गॅस वाढवावा लागतो. हे इंजेक्शन दिलं की खालची बातमी वर मेंदूपर्यंत पोचतच नाही. गॅस कमी लागतो, आणि पोर रडत उठत नाही."

या इंजेक्शनला कॉडल ब्लॉक म्हणतात. मणक्यांच्या अगदी तळाशी हाडात एक छोटी फट असते. मोठ्या माणसात ती शोधावी लागते, लहान मुलात बोटाला सहज लागते. तिथून ब्युपिव्हकेनसारखं बधिर करणारं औषध सोडतात, तेही पोराच्या वजनाच्या हिशेबानं. मोठ्यांना पाठीतलं इंजेक्शन जागेपणी देतात, कारण त्यांना "हलू नका" सांगता येतं. दोन वर्षांच्या पोराला ते कुठून सांगणार? म्हणून आधी झोप आणि मग सुई.

तरी माझ्या मनातली भीती जाईना. बाळंतपणात पाठीत इंजेक्शन घेतलं आणि तेव्हापासून कंबर गेली, असं सांगणारी बाई प्रत्येक घरात एक तरी असतेच. बाईंनी तेही समजावलं. बाळंतपणानंतरची कंबरदुखी इंजेक्शन न घेतलेल्या बायकांनाही तशीच असते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. आणि मुलांचं म्हणाल तर अमेरिकेत अशा एक लाखाहून जास्त ब्लॉकची नोंद ठेवून 2018 मध्ये हिशेब मांडला गेला. मज्जातंतूला कायमची इजा झाल्याचं त्यात एकही उदाहरण नव्हतं. काही दिवसांचा बधिरपणा वगैरे तक्रार दहा हजारांत दोन-तीन मुलांना. धोका अगदीच नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. औषध चुकून रक्तात गेलं तर त्रास होऊ शकतो, म्हणून थोडं थोडं देतात, मॉनिटरवर डोळा ठेवतात, उतारा हाताशी ठेवतात. धोका लपवला नाही म्हणूनच मला त्यांचा विश्वास वाटला.

सही मुलानं केली. पण केली ती माझ्याकडं बघून, मी मान हलवल्यावर. मी मान हलवली नसती तर? आज्जीच्या एका शंकेसाठी पोर ऑपरेशननंतर जखमेच्या कळा सोसत उठलं असतं, आणि मी त्याला म्हटलं असतं, "काही नाही झालं."

त्या रात्री मला झोप आली नाही. 1988 सालची एक दुपार पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं येत होती. हाच माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. ओसरीच्या पायरीवर पडला आणि हनुवटी फाटली. दवाखान्यात नेलं. "चारच टाके आहेत, दोन मिनिटांचं काम. बधिर करायची सुई दुखते ती दुखतेच, मग उगीच दोनदा कशाला?" असं सांगण्यात आलं. मला ते पटलं. नर्सनं डोकं धरलं, मी पाय धरले. दोन मिनिटं नव्हती ती. त्यानं मला हाका मारल्या, "आई, सोड, आई, सोड," आणि मी अजून घट्ट धरलं. त्याला आता त्यातलं काही आठवत नाही. मी विचारलं तर हसतो, म्हणतो, "आई, तुझंच काहीतरी." पण रक्त तपासायला हात पुढं करताना चाळिशीतला हा बाप्या अजून मान फिरवतो, कपाळाला घाम येतो. हा त्या दुपारचा परिणाम आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नाही असंही म्हणू शकत नाही.

कॅनडात टोरांटोच्या डॉक्टरांनी 1997 मध्ये एक गोष्ट दाखवली. जन्मल्या जन्मल्या सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस टोचून घेताना इतर मुलांपेक्षा जास्त कळवळतात. आणि सुंतेच्या वेळी ज्यांना बधिर करणारं मलम लावलं होतं ती त्या मानानं कमी. म्हणजे आठवण डोक्यात राहिली नाही तरी शरीर हिशेब ठेवतं. आपण जैन बायकांनी तरी यात आश्चर्य करू नये. आठवत नाही म्हणून कर्म बांधलं गेलं नाही असं कोणत्या महाराजांनी आपल्याला सांगितलंय?

पुढं मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले, आणि जे कळलं त्यानं अंगावर काटा आला. ईथरची भूल बोस्टनमध्ये 1846 साली जगाला दिसली. 1884 मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला. 1898 मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी पाठीतून बधिर करायची रीत आणली. ती आपल्या सहायकावरही करून पाहिली, त्याच्या नडगीवर ठोकून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः डोकेदुखीनं आडवे झाले. 1933 साली मेरेडिथ कॅम्पबेल यांनी मुलांमधल्या कॉडल भुलीवर लिहिलं होतं. म्हणजे साधन होतं. तरीही 1980 च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांतल्या रुग्णालयांत तान्ह्या बाळांची ऑपरेशनं पुरेशी भूल न देता होत होती. त्यांच्या मज्जातंतूंवरचं आवरण अजून पुरतं तयार नसतं, सबब त्यांना वेदना पोचत नाही, असं मानलं जाई. भुलीनंच बाळ दगावेल ही भीतीही होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. म्हणून हालचाल थांबवणारं औषध द्यायचं. बाळ हलत नाही, रडत नाही, म्हणजे शांत आहे.

1985 साली वॉशिंग्टनमध्ये जेफ्री लॉसन नावाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं हृदयाजवळच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन असंच झालं. बाळ काही आठवड्यांनी गेलं. त्याला फक्त हालचाल थांबवणारं औषध दिलं होतं, वेदनेवरचं काही दिलं नव्हतं, हे त्याच्या आईला, जिल लॉसन यांना, नंतर कळलं. त्या गप्प बसल्या नाहीत. पत्रं लिहिली, वर्तमानपत्रापर्यंत गेल्या. ज्याला बोलता येत नव्हतं त्याच्यासाठी त्याची आई बोलली.

त्याच सुमाराला ऑक्सफर्डला एक तरुण डॉक्टर हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं सोडवत होते. कंवलजीत सिंग आनंद. शिकलेले आपल्या इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात. माझी धाकटी बहीण इंदूरला दिली आहे. तिला मी फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं आक्का, त्या कॉलेजवरून मी वर्षानुवर्षं जाते-येते, आणि हे मला तू बेळगावातून सांगतेस!" आनंद यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. एकाला त्या वेळच्या रीतीप्रमाणं भूल, दुसऱ्याला त्याच्या जोडीला फेंटॅनिल हे वेदनाशामक. आणि बाळांच्या रक्ताला विचारलं. ज्यांना वेदनेचं औषध नव्हतं त्यांच्या रक्तात ताणाची लक्षणं कितीतरी जास्त होती, ऑपरेशननंतरच्या अडचणीही जास्त होत्या. हे 1987 मध्ये छापून आलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं, तान्ह्या बाळांनाही भूल दिली पाहिजे, असं सांगितलं.

1987! आणि 1988 मध्ये मी पोराचे पाय धरून उभी होते.

आता आपल्या घरात डोकावू. आपण पाणी गाळून पितो. माझ्या सासूबाई गाळणं उलटं करून त्यातले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत हलक्या हातानं सोडत. त्या जीवांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, रडताना ऐकलं नव्हतं. माती, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती हे एकेंद्रिय जीव. त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत, जीभ नाही, नाक नाही. पण एक इंद्रिय आहे, आणि ते आहे स्पर्श. जीवाकडं बाकी काहीही नसलं तरी स्पर्श असतोच, हे आपण पाठशाळेत शिकलो. म्हणजे लागतं, दुखतं, हे सगळ्यात आधी येतं. बोलणं, समजणं, आठवणं हे फार नंतरचं. पाण्याच्या थेंबाला जे आपण पुरावा न मागता देऊन टाकलं, ते पंचेंद्रिय बाळाला द्यायला मोठमोठ्या विद्वानांनी पुरावा मागितला. आणि त्या रात्री मीही मागितला. विद्वानांकडं निदान मज्जातंतूंचं कारण होतं. माझ्याकडं तेही नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी आमच्या मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. स्वाध्याय दांडगा, तत्त्वार्थसूत्र तोंडपाठ. त्या म्हणाल्या, "एवढं दुखू नये, दुखू नये काय करायलाय तुम्ही? वेदना म्हणजे असातावेदनीय कर्माचा उदय. भोगून संपतं. आपले मुनी केशलोच करतात, परीषह सोसतात. शास्त्रात अकामनिर्जरा सांगितलीय, नाइलाजानं सोसलं तरी कर्म झडतं." त्यांना उलट बोलायची माझी प्राज्ञा नाही. त्या वेळी मी गप्प राहिले. आज लिहिते.

केशलोच मुनी आपल्या हातानं करतात, आपल्या इच्छेनं. सोसणाऱ्याला सोसायचं नाही असं म्हणता येतं, तेव्हाच त्या सोसण्याला तप म्हणतात. पोराचे पाय धरून जे सोसायला लावलं जातं ते तप कसलं? अकामनिर्जरा असेल, पण तो पोराच्या खात्यातला हिशेब. पाय धरणाऱ्याच्या खात्यात काय जमा होतं? त्याच तत्त्वार्थसूत्रात असातावेदनीय कर्म कशानं बांधलं जातं त्याची यादी आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख देणं, आक्रोश करायला लावणं, हे त्यात आहे. दुसऱ्याचं कर्म झडावं म्हणून त्याला दुखू द्यायचं, ही सोय कुठंच दिलेली नाही.

मग सर्जनचं काय, तो तर सुरीच चालवतो? याचं उत्तर पूज्यपादांनी 'सर्वार्थसिद्धी' टीकेत देऊन ठेवलंय. करुणेनं गळू कापणारा वैद्य बाहेरून दुःख देतो, पण त्याच्या मनात दुःख द्यायचं नसतं, म्हणून त्याला पाप लागत नाही. मला हा दाखला फार आवडतो. पण त्या वैद्याकडं बधिर करायचं औषध नव्हतं. आज आहे. तेव्हा जे अटळ होतं ते आज अटळ राहिलेलं नाही. हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी पहिला शब्द घातला तो प्रमादाचा, बेफिकिरीचा. कापणं तेच, रक्त तेच. पण उपाय हाताशी असताना, "दोन मिनिटांचं काम, त्याला कुठं काय कळतंय," म्हणून तो न करणं हा प्रमाद झाला. त्या दवाखान्यात कुणी दुष्ट नव्हतं. मी तर आई होते. दुष्टपणा नसतानाही हिंसा होते, हे प्रवचनात शंभर वेळा ऐकलेलं मला पोराच्या हनुवटीवर कधी दिसलं नव्हतं.

याचा अर्थ डोळे झाकून सगळं घ्यावं असा नाही. सुनेनं बाईंना विचारलंच, "या भुलीचा मेंदूवर काही परिणाम?" चांगला प्रश्न. 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानंच इशारा दिला होता की तीन वर्षांखालच्या मुलांना लांबलचक किंवा पुन्हा पुन्हा भूल देताना विचार करावा. त्यावर सात देशांत सातशेहून जास्त तान्ह्या बाळांवर अभ्यास झाला, तोही हर्नियाच्याच ऑपरेशनचा. काहींना झोपवून, काहींना जागेपणी फक्त खालचा भाग बधिर करून. पाचव्या वर्षी दोन्ही गटांची बुद्धी सारखीच निघाली, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. तासाभराच्या एका भुलीनं घाबरायचं कारण नाही, एवढं त्यातून कळतं. सून विचारत होती पोरासाठी. आदल्या दिवशी मी विचारलं होतं ते विषय संपवण्यासाठी. दोन्ही प्रश्नच, पण फरक आहे.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणा पोराचं ऑपरेशन ठरलं तर दोन गोष्टी विचारा. झोपेत असताना आणि उठल्यावर याचं दुखणं कसं सांभाळणार? आणि सलाईनची सुई टोचायच्या आधी तासभर हाताला बधिर करणारं मलम लावता येईल का? सगळीकडं मुलांच्या भुलीत तयार झालेले डॉक्टर मिळतातच असं नाही, ब्लॉक प्रत्येक पोराला चालतो असंही नाही. पण विचारणं आपल्या हातात आहे. आणि पोराला "काही दुखणार नाही" असं सरसकट सांगू नका. तेही एक असत्यच. "थोडं दुखेल, पण मी तिथं आहे आणि डॉक्टर औषध देणार आहेत," एवढं दोन वर्षांच्या पोरालाही कळतं.

ऑपरेशन पाऊण तासात झालं. पोर उठलं ते शांत. डोळे किलकिले करून म्हणालं, "बिक्कीट." पाय जड होते, उचलायला जायचं आणि स्वतःच्याच पायाकडं नवलानं बघायचं. दोन तासांनी लघवीला झालं तेव्हा बाई हसल्या, म्हणाल्या, "छान, आता काळजी नाही."

संध्याकाळी औषधाचा जोर ओसरला. अंगावरचं पांघरूण लाथाडून ते उठून बसलं, मुसमुसायला लागलं. पातळ औषध वेळेवर दिलं होतं, तरी थोडं दुखत असणारच. सून खाली चहाला गेली होती. मी जवळ घेतलं. सवयीनं तोंड उघडलं, "काही नाही रे, काही..." आणि मिटलं.

"दुखतंय?" मी विचारलं.

त्यानं जांघेकडं बोट दाखवलं. "दुकतंय."

"हो रे बाळा, दुखतंय," मी म्हणाले, आणि नर्सला बोलवायला घंटी दाबली.